सात पाखरांचा बिरजू

नाटकाला सातच पाखरं लागतात. पहाट व्हायची असली की कोंबडा, ऋतू पालटला की कोकिळा, राजाच्या बागेत मोर, राणीच्या हातावर पोपट, पाहुणा यायचा असला की कावळा, संकट यायचं असलं की टिटवी आणि कोणी मरायचं असलं की घुबड. आठवं पाखरू कोण्या नाटककाराने लिहिलंच नाही, म्हणून बिरजू मोहुर्लेला आठवं पाखरू येत नव्हतं. पण ही सात अशी येत की मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री सगळा गाव चादरी पांघरून मांडवात बसलेला असे आणि विंगेतून घुबड घुमलं की बायका पोटाशी निजलेल्या लेकराच्या तोंडावर पदर ओढून घेत.

त्या बायकांनी बिरजूला कधी पाहिलं नाही. झाडीपट्टीच्या नाटकात नायकाला टाळ्या, खलनायकाला शिव्या, नाचणारणीला शिट्ट्या. विंगेतल्या काळोखात माठात तोंड घालून बसलेल्या माणसाला काय? पत्रकात पेटीवाल्याचं नाव असे, तबल्यावाल्याचं असे, मंडपवाल्याचंही असे. बिरजूचं नसे. एकदा त्याने धीर करून मालकाला विचारलं, तर मालक म्हणाला, "पत्रकात काय लिहू? घुबड, बिरजू मोहुर्ले?" सगळी कंपनी खो खो हसली. बिरजूही हसला, पण ती गोष्ट त्याच्या मनात काट्यासारखी राहून गेली.

मग डब्बा आला. वीतभर काळा डब्बा. बटण दाबलं की वाघ, बटण दाबलं की पाऊस, बटण दाबलं की घुबड. मालक म्हणाला, "बिरजूभाऊ, आता तुमी आराम करा." बिरजूने आपला माठ उचलला, कंपनीच्या ट्रकच्या चाकापुढे नेऊन ठेवला आणि मागे न पाहता आपल्या गावाच्या, पिपरटोल्याच्या, वाटेला लागला. ट्रक निघाला तेव्हा माठ फुटल्याचा आवाज त्याला वाटेवर ऐकू आला. तो आवाजही आपण तोंडाने हुबेहूब काढू शकलो असतो, असं त्याला वाटलं.

तेव्हापासून त्याचं कोणाशी पटेना. शेजाऱ्याशी बांधावरून, किराणावाल्याशी मापावरून, बायकोशी भाजीतल्या मिठावरून. सोमारी, त्याची बायको, गावात सांगत फिरे, "घरात मानूस नाई, टिटवी पाळली हाय मी."

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडबाहेर चहाच्या टपरीवर एक दिवस एका पोट्ट्याने असाच डब्बा लावला होता. बिरजूने दोनदा सांगितलं, बंद कर बे. पोट्ट्याने आवाज वाढवला. बिरजूने ग्लास खाली ठेवला, ओठ मुडपले आणि डब्ब्याच्या वरताण टिटवी काढली. टपरीवरची माणसं दचकली. एक बाई मात्र दचकली नाही. तिने गर्रकन मान वर करून आभाळ धुंडाळायला सुरुवात केली.

ती नीलिमा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, आणि 'रानवाट पक्षी क्लब' काढणारी. खांद्यावर दुर्बीण, डोक्यावर टोपी, आणि ज्या गावात माणसं पाखरं पाहण्याला रिकामटेकडेपणा म्हणतात त्या गावात वर्षानुवर्षं राहिल्यामुळे बोलण्यात आलेला एक करकरीतपणा. आभाळात टिटवी नाही आणि बाकावर बिरजू आहे, हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही पक्ष्यांमध्ये असता का?" तिने विचारलं.

"जिंदगी गेली, म्याडम, पाखराइतच," बिरजू म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"कोसमझरीच्या धरणावर आमच्या लोकांना घेऊन याल? मार्गदर्शक म्हणून?"

"काऊन नाई?"

पक्षी पाहणारी माणसंच अशी चूक करू जाणोत. ज्याच्या गळ्यातून पाखरू निघतं त्याच्या डोळ्यालाही ते ओळखू येत असणार, असं त्यांना मनापासून वाटतं. तबल्याचा बोल तोंडाने म्हणणाऱ्याला कोणी तबला मढवायला देत नाही. पण नीलिमाने विचारलं नाही आणि बिरजूने सांगितलं नाही. आठवड्याने त्याच्या फोनवर फ्लेक्सचा फोटो आला. वर क्लबचं नाव, मधे उडता बगळा आणि खाली मोठ्या अक्षरांत: मार्गदर्शक, श्री. बिरजू मोहुर्ले.

तो फोटो त्याने सोमारीला दाखवला. ती चुलीशी बसली होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "तुले बगळा अन् ढोकरी तरी येगळी ओळखू येते का?"

"तू चूप बस."

"मी बसतो चूप. पाखरं बसन का?"

बिरजू उठून अंगणात गेला आणि फोटो पुन्हा पाहिला. श्री. तर श्री. उभ्या आयुष्यात त्याच्या नावामागे कोणी श्री लावला नव्हता. त्या एका ओळीसाठी तो काय वाटेल ते करायला तयार होता. फक्त बदक ओळखणं तेवढं त्याच्या हातातलं नव्हतं.

*

जानेवारीतल्या एका रविवारी, उन्हं फुटायच्या वेळेला, क्लबच्या दोन जीपा कोसमझरी धरणाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन थांबल्या. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं पसरलं होतं आणि पाण्यावर धुकं होतं. माणसं उतरली, हातमोजे घातले, दुर्बिणी पुसल्या. गेटच्या लोखंडी कठड्याला फ्लेक्स बांधला गेला. बिरजू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून त्याच्याशेजारी असा उभा राहिला की कोणी वाचलं तर लगेच समोर सापडावा.

कोणी वाचलं नाही. वाचलं ते एकाने, प्रवीणने. प्रवीणचं ब्रह्मपुरीत मोबाइलचं दुकान होतं आणि त्याच्या कॅमेऱ्याची नळी त्याच्या हातापेक्षा लांब होती. क्लबात त्याचे फोटो सर्वांत जास्त वाखाणले जात, आणि मार्गदर्शक म्हणून आपलंच नाव येणार अशी त्याची खात्री होती.

"तुमीच का ते श्री?" त्याने विचारलं.

"हाव. तुमी कोन?"

"मी इथी पाच सालापासून येऊन राह्यलो."

"मंग आतापावतर तुमाले रस्ता सापडला पायजे होता," बिरजू म्हणाला.

प्रवीण हसला नाही. त्याने जॅकेटच्या खिशावर हात ठेवला आणि त्या खिशातून वीतभर काळ्या डब्ब्याचं टोक बिरजूला दिसलं. बिरजूची नजर त्या टोकावरच खिळली. इथेही आला, त्याच्या मनात आलं.

नीलिमाने सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. मोठ्याने बोलायचं नाही, भडक कपडे घालायचे नाहीत. "आणि पहिला नियम. पक्ष्याला आवाज काढून किंवा वाजवून बोलवायचं नाही. ते बिचारं आपला जोडीदार आला म्हणून येतं, शत्रू आला म्हणून येतं. आपण त्याला फसवतो. जो हे करील तो क्लबात राहणार नाही, मग तो कोणी असो." शेवटी ती बिरजूकडे वळली. "भाऊ, तुम्हीपण. तुम्ही फक्त ओळखायचं."

म्हणजे येत होतं ते बंद, आणि येत नव्हतं तेवढं करायचं.

पाळीच्या खाली, पाण्याच्या कडेला, मासे धरणाऱ्यांचा डेरा होता. ताडपत्र्यांच्या पाच-सहा झोपड्या, वाळत घातलेली जाळी, दोन डोंगे, लाकडी होड्या. तिथली माणसं जाळी विणत होती, पण हातांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे वर पाळीवर होते. त्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून एक काळी, उंच म्हातारी उभी होती. शकुबाई.

"आले का दुर्बिनवाले?" ती खालून ओरडली. "या साली कोनाची जाळी जाळता?"

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धरणाच्या आतल्या हातात, म्हणजे पाण्याच्या आत शिरलेल्या उथळ फाट्यात, एक पाणबुडी, लहानसं पाणपाखरू, जाळ्यात अडकून मेली होती. नीलिमाने ती स्वतःच्या हाताने सोडवली. तिच्या ओंजळीत ती अजून ऊन होती. नीलिमाने तक्रार केली, तिथे जाळी टाकू देऊ नका म्हणून. तिला एवढंच हवं होतं. पण धरणातल्या मासेमारीचा जो ठेकेदार होता, त्याला डेऱ्यातली ही माणसं डोळ्यांत खुपतच होती. त्याने तक्रारीचा कागद पुढे केला, आपली माणसं आणली आणि काठावर ढीग घालून जाळी पेटवून दिली. शकुबाईचं सगळ्यांत मोठं जाळं त्यात गेलं. आग लावताना नीलिमा तिथे नव्हती. पण शकुबाईच्या हिशेबी काडी तिचीच होती.

"खाली बघू नका, चला," नीलिमा आपल्या लोकांना म्हणाली. मोज्यांतले हात तिने एकमेकांत घट्ट धरले होते.

पाळीवरून चालता चालता बिरजूची परीक्षा सुरू झाली. समोर पाण्यात एका पायावर काही तरी उभं होतं. एका बाईने हळूच विचारलं, "भाऊ, तो कोण?"

बिरजूने छाती भरून घेतली. विंगेत बसून त्याने नायकांची भाषणं ऐकली होती. त्याला वेळ मारून न्यायला येत होतं. "ओळखा पाहू," तो खर्जात म्हणाला. "सांगून टाकलं तर मजा काय?"

बाई खूश झाली. तिने पुस्तक उघडून स्वतःच शोधलं. दोनदा हे चाललं. तिसऱ्यांदा प्रवीण मधे आला. "तुमीच सांगा ना, भाऊ. फ्लेक्स तुमच्या नावाचा हाय."

"तो," बिरजू म्हणाला, "रुसलेला हाय. त्याची बायको पलीकडच्या काठाले हाय."

लोक हसले. नीलिमा हसली नाही. "मुग्धबलाक," तिने कोरडेपणाने नाव सांगितलं आणि बिरजूकडे एकदाच पाहिलं. नाटकात प्रॉम्प्टरचं वाक्य चुकतं तेव्हा नट जसा पाहतो, तसं.

धुकं निवळलं. आतल्या हाताच्या उथळ पाण्यावर, लांब, काळे काळे ठिपके ओळीने डुलताना दिसले. बिरजूला वाटलं, आता आपणच बोलावं, कोणी विचारायच्या आत. बदकं पाण्यावर डुलतात एवढं तर त्यालाही ठाऊक होतं. त्याने हात लांब केला आणि मंडईच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ते पाहा! काळी बदकं! कशी रांगेत चालली हाय!"

सगळ्या दुर्बिणी वळल्या. मग प्रवीणने आपली लांब नळी डोळ्याला लावली आणि असा हसला की पाण्यावरची खरी बदकं उडाली.

"बदकं? अबे बाटल्या हाय त्या! जाळ्याले बांधलेल्या बाटल्या!" तो कॅमेरा खाली घेऊन वाकून हसत होता. "गाईड हाय का जोकर हाय? म्याडम, पाहा तुमचा श्री!"

बिरजूने लांब केलेला हात खाली घेतला. पण नीलिमाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. तिने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "जाळं," ती म्हणाली. "आतल्या हातात. पुन्हा."

"फोटो काढून ठेवतो," प्रवीण म्हणाला आणि खटखट खटखट काढत राहिला.

खाली शकुबाईने ते ऐकलं. ती पाळीच्या दगडांवरून चार पावलं वर आली आणि बोट बरोबर बिरजूवर रोखलं. "तू पिपरटोल्याचा ना? आपल्या लोकाइची जाळी दाखवतो का रे यायले? लाज गहान ठेवली का?"

"मी बदकं म्हनलो, बाई..."

"तुले बदक अन् बाटली समजत नाई, अन् तू गाईड?"

एवढ्याशा वेळात वरून प्रवीण आणि खालून शकुबाई, दोघांच्या तोंडी तोच टोमणा आला होता.

नीलिमाने त्याला बाजूला घेतलं. आवाज वाढवू नये म्हणून तिने तो इतका दाबला होता की शब्द चावल्यासारखे येत होते. "तुम्हाला एकही पक्षी ओळखता येत नाही."

"सात येते."

"कुठले सात?"

त्याने सांगितले. कोंबड्यापासून सुरुवात केली. ऐकता ऐकता तिने डोळे मिटले.

"मग मला खोटं का सांगितलं?"

"तुमी इचारलं नाई. तुमी आभाळात पाह्यलं, अन् मंग मायाकडे पाह्यलं. तवा मले काय वाटलं ते तुमाले नाई समजनार."

"आणि क्लबातले लोक मला काय म्हणतील ते तुम्हाला नाही समजणार," नीलिमा म्हणाली. "तुमचं नाव घालायला किती भांडले मी यांच्याशी! आता ऐका. दुपारपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकही चूक झाली नाही तर फ्लेक्स राहील आणि पुढच्या सहलींना आपण बघू, तुम्हाला पक्षी ओळखायला शिकवता येतं का. पण अजून काही झालं तर मी स्वतः तो उतरवीन."

बिरजूने मागे वळून कठड्याकडे पाहिलं. वाऱ्याने फ्लेक्स फुगला होता. श्री. बिरजू मोहुर्ले, पोट पुढे काढून उभा असल्यासारखा.

*

दहाच्या सुमारास क्लबची माणसं पाळीवर पोहे खायला बसली. प्रवीणला बसवेना. डेऱ्याच्या मागे एक जुनं अर्जुनाचं झाड होतं, त्याच्या ढोलीत मासे खाणारं मोठं घुबड असतं असं त्याने कुठून तरी ऐकलं होतं. तो निघाला तशी नीलिमा म्हणाली, "डेऱ्यात जाऊ नकोस, वाद होईल. भाऊ, तुम्ही जा सोबत. त्याला बाजूबाजूने न्या." दुसरं काही काम त्याला देण्यासारखं नव्हतंच.

झाडाशी पोचल्यावर प्रवीणने ढोलीकडे पाहिलं, घुबड दिसेना. त्याने पाळीकडे पाहिलं, तिथून झाडाचा बुंधा झाकलेला होता. मग त्याने खिशातून डब्बा काढला.

"म्याडमनं मना केलं हाय," बिरजू म्हणाला.

"तुमी तोंड बंद ठेवा. तुमाले तेवढंच सांगतलं हाय ना?"

त्याने बटण दाबलं. भर दिवसा, डेऱ्याच्या डोक्यावर, घुबड घुमलं. हूम्म, हू हू. एकदा, दोनदा, तीनदा. बिरजू कितीही रागावलेला असला तरी कानाचा माणूस होता. आवाज अस्सल होता हे त्याने मनातल्या मनात मान्य केलं, आणि त्याचा राग दुप्पट झाला.

झोपडीतून एक किंकाळी आली.

झाडाला सगळ्यांत जवळची झोपडी शकुबाईची होती आणि तिच्यात तिची सून रीता दहा-बारा दिवसांचं लेकरू घेऊन निजली होती. बाळंतिणीच्या छपरावर दिवसा घुबड बोललं की काय समजायचं, हे या मुलखात कोणाला शिकवावं लागत नाही. रीता रडायला लागली, तिचं ऐकून लेकरू रडायला लागलं, आणि डोंग्यांचे बांबू हातात घेऊन सगळा डेरा झाडाखाली आला.

"कोनं बोलावलं? लेकराच्या डोक्यावर घुबड कोनं बोलावलं?" शकुबाईच्या आवाजाला धार चढली होती. एकाने प्रवीणच्या गळ्यातला कॅमेरा ओढून घेतला. दुसऱ्याने कॉलर धरली.

"रेकॉर्डिंग हाय, रेकॉर्डिंग!" प्रवीण डब्बा पुढे करून ओरडत होता. "खरं घुबड नाई! डब्ब्यातलं हाय!"

"डब्ब्यात कोनाचा आवाज हाय?" शकुबाईने विचारलं.

"घुबडाचाच, पन..."

"मंग? घुबडच बोललं ना?"

कॉलर धरलेल्या हाताने त्याला झाडाला टेकवलं. आत रीताचं रडणं थांबत नव्हतं. आता तिला श्वास पुरत नव्हता. बांबू वर गेले.

बिरजू तिथून गुपचूप पाळीवर परत जाऊ शकत होता. तोंड बंद ठेवायचा हुकूम होता आणि दुपार व्हायला फार वेळ नव्हता. प्रवीणने दोन खाल्ले असते तर त्याला वाईटही वाटलं नसतं. पण झोपडीतलं रडणं त्याच्या ओळखीचं होतं. मांडवात, पदराआड, त्याच्या घुबडाने अशाच बायका रडत. मात्र त्या रडण्यात एक गोडी असे. घरी जाताना त्या हसतही असत. हिला घरी जाताना हसता येणार नव्हतं. डब्ब्यातलं घुबड खरं होतं, हीच त्यातली खोट होती.

"डब्ब्याले येते का एवढं?" बिरजू मोठ्याने म्हणाला. "तो मी होतो."

सगळे वळले.

"घुबड मी बोललो. तोंडानं. तो डब्बा गाने वाजवाचा हाय. याले घुबड पायजे होतं, मी म्हनलो, मी काढून दाखवतो."

"खोटं नको बोलू," शकुबाई म्हणाली.

"गुंड आन रिकामा."

एका पोरीने पाण्याचा पितळी गुंड उपडा करून आणला. बिरजूने तो मांडीवर घेतला, काठाला ओठ लावले, डोळे मिटले. आणि घुबड घुमलं. डब्ब्यातल्यापेक्षा खोल, डब्ब्यातल्यापेक्षा दुष्ट, पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन परत येणारं. पहिलं हू, मग एक लांब थांबा, मग दोन एकमेकांना चिकटलेले. तसं कोणतंही घुबड बोलत नाही. नाटकातलं बोलतं.

बांबू खाली आले. शकुबाई पुढे झाली आणि त्याचा चेहरा असा बघू लागली जसं एखादं घर आतून माहीत असावं आणि बाहेरून पहिल्यांदा दिसावं.

"हा तर मंडईतला हाय," ती हळू म्हणाली. "ते सून घरातून निंगते, लेकरू घेऊन... तवाचं घुबड. तो तू होता?"

"हाव."

"मुडद्या," शकुबाई म्हणाली, "माया लग्नाच्या साली मी आठ दिवस एकटी बाहेर नाई निंगली तुयामुळं." मग ती झोपडीकडे तोंड करून ओरडली, "रीता! घुबड नाई वं! नाटकवाला म्हातारा हाय! रडू नको!"

आतलं रडणं अडखळलं. पण शकुबाईचं समाधान झालं नव्हतं. कमरेवर हात परत गेले. "अन् कोंबडा?"

"कोंबडा काय?"

"नाटकात घुबडाच्या मागं कोंबडा येते. रात सरते, मंग लोक उठते. घुबड बोलून असाच चालला का? लेकराची रात कोन सरवन? कोंबडा काढ!"

बिरजूने गुंड खाली ठेवला. कोंबड्याला गुंड लागत नाही, मान लागते. त्याने मान ताणली आणि ऐन उन्हात पहाट केली. आरव संपला न संपला तोच डेऱ्याच्या मागच्या खुराड्यातून एक खरा कोंबडा चिडून, फडफडून, जीव खाऊन त्याला उलट ओरडला. आयुष्यभर पाखरांचे आवाज काढले, पण पाखराने उत्तर द्यायची ही पहिलीच वेळ. झोपडीतून एक ओलं, नाक ओढलेलं हसू ऐकू आलं.

"कॅमेऱ्यातले जाळ्याचे फोटो पूस, मंग ने," शकुबाईने प्रवीणला फर्मावलं. त्याने एकेक करून पुसले. डब्बा केव्हाच खिशात गेला होता.

त्याच वेळी नीलिमा धावत आली, तिच्यामागे अर्धा क्लब. तिने पडलेले बांबू पाहिले, गुंड पाहिला, आणि बिरजूकडे पाहिलं. "घुबडाचा आवाज आला पाळीवर. कितीदा तरी. कोणी काढला?"

डेऱ्यातल्या साऱ्यांनी एका सुरात बोट दाखवलं. प्रवीण भिंगावरची धूळ फार काळजीने पुसत होता.

"भाऊ, तुम्ही?"

बिरजूने प्रवीणकडे पाहिलं. नाटकात अशा वेळी खलनायकाचं मन पालटतं, तो पुढे येतो आणि कबूल होतो. बिरजूने तेवढा थांबा घेतला. प्रवीणने दुसरी बाजू पुसायला घेतली.

"हाव," बिरजू म्हणाला. "मीच."

पहिला नियम तिने स्वतः सांगितला होता, मग तो कोणी असो. तिला वाईट वाटलं असेल, वाटलंच असणार. पण जिने नियमाच्या जोरावर एवढी माणसं सांभाळली तिला तो आज मोडता येत नव्हता. ती पाळीवर गेली आणि कठड्यावरचा फ्लेक्स सोडू लागली.

एक टोक सुटलं, दुसरं सुटलं. तिसऱ्या टोकाला शकुबाईचा हात होता.

"हा इथीच राहीन," शकुबाई म्हणाली.

"बाई, हे क्लबचं आहे."

"मायं जाळं बी मायंच होतं."

दोघींनी आपापल्या बाजूने ओढलं. फ्लेक्स मधे ताणलेला. मग नीलिमाने हात सोडला आणि चौथी गाठ स्वतः सोडवून दिली. "आतल्या हातात जाळं टाकू नका," ती म्हणाली.

"तुमी सांगू नका," शकुबाई म्हणाली.

जीपा निघाल्या. "बसा, भाऊ, ब्रह्मपुरीपर्यंत," नीलिमाने बिरजूला म्हटलं, पण दार उघडलं नाही. "मले पाय हाय," बिरजू म्हणाला. पुढच्या जीपेतून प्रवीणने एकदा मागे पाहिलं आणि काच वर केली.

खाली डेऱ्यात शकुबाई झोपडीवर चढून फ्लेक्स अंथरत होती. उत्तरेकडून वारं येत होतं आणि तिकडची ताडपत्री फाटलेली होती. बिरजू पाळीवरून उतरून खाली येऊन उभा राहिला. सदऱ्यावर गुंडाचं पाणी सांडलेलं होतं.

"नाव कोन्या बाजूनं येते?" त्याने न राहवून विचारलं.

"आत," शकुबाई दोरी आवळत म्हणाली. "बाहीर ठेवून काय करू? लोक हासन, बदक अन् बाटली न ओळखनाऱ्याचं नाव टांगलं म्हनून."

बिरजू वाकून झोपडीच्या दारातून आत डोकावला. रीता कुशीवर होती. लेकरू उताणं पडून वर बघत होतं. उन्हाने फ्लेक्स उजळला होता आणि त्याच्या डोक्यावर, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं, ते नाव होतं.

"पाह्यलं ना?" मागून शकुबाई ओरडली. "आता सरक तिथून. लेकरावरचा उजेड अडवून राह्यला."